शिवरात्रीचा बंदोबस्त आणि दोन अर्ज

माघ संपत आला की बदलापूरच्या बाजारात कवठं येतात. डोंगराकडच्या वाड्यांतून आलेल्या बायका रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसतात. पुढ्यात कवठांचा ढीग, बेलाच्या जुड्या, धोतऱ्याची पांढरी फुलं. मी एक कवठ उचलून त्याचा वास घेते आणि मग घेतेच. घरी आणून फोडलं की आंबूस, थोडा गुळमट वास स्वयंपाकघरात पसरतो. शेजारणींना त्या वासानं उपास आठवतो. मला बंदोबस्त आठवतो.

मी पोलीस खात्यात होते. शिपाई म्हणून लागले आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत गणपती, नवरात्र, निवडणुका, मोर्चे असे कितीतरी बंदोबस्त केले. पण या दिवसांची हवा अंगाला लागली की मन त्या एकाच वर्षाकडे जातं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. उल्हासनगरच्या एका पोलीस ठाण्यात आम्ही दोघीच बायका होतो, मी आणि लीला जगताप. ठाणं कोणतं होतं ते सांगत नाही. त्या काळी कुठल्याही ठाण्यात याहून वेगळं नव्हतं.

या मोसमाचा स्वभाव चमत्कारिक असतो. पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी डोकं तापतं. माझं माहेर मोरिवलीचं. आमची शेतं कधीच कारखान्यांत गेली होती, पण घरामागं दोन आंबे राहिले होते. ते या दिवसांत मोहरायचे. मोहोराचा वास आणि कारखान्यांच्या चिमण्यांमधून येणारा उग्र वास एकाच झुळकेत यायचे. अंगणात उभं राहिलं की लांब मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरांवर वणव्यांच्या काळ्या रेघा दिसायच्या. मी खाकी साडी नेसून बूट चढवायची, बाबा अंगणात शेकोटी विझवत बसलेले असायचे. मुलगी पोलिसात आहे याचं त्यांना कौतुक होतं. मुलगी पोलिसात काय करते, हे मात्र मी त्यांना फारसं सांगत नसे.

कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. पकडून आणलेल्या बाईची झडती घ्यायची. तिला कल्याणच्या कोर्टात न्यायचं आणि परत आणायचं. जळालेल्या सुनेच्या उशाशी इस्पितळात बसायचं. ठाण्यात दर्शनी खोलीत एक मोठं टेबल होतं. तिथं ठाणे अंमलदार बसायचा. आलेल्या माणसाची तक्रार ऐकून घेऊन लिहायचं काम त्याचं. आम्हा दोघींची जागा त्यामागच्या खोलीत, जुन्या कपाटाजवळ. मारहाण झालेली बाई आली की आम्हाला हाक पडायची. आम्ही तिला पाणी द्यायचो, ती रडायची, सगळं सांगायची. मग तिला बाहेरच्या टेबलावर न्यायचं, आणि तिनं सांगितलेल्यातलं निम्मं तो पुरुष अंमलदार लिहायचा. उरलेलं निम्मं ती परक्या माणसापुढं बोलायची नाही, आणि लेखणी आमच्या हातात नसायची. माझ्या मागून भरती झालेली मुलं बढती मिळून नाईक झाली. मी विचारलं तेव्हा सांगण्यात आलं, त्यांना ठाण्याच्या कामाचा अनुभव आहे.

लीला मूळची साताऱ्याकडची. नवरा शहाडच्या एका कारखान्यात होता आणि ती दोघं कॅम्पात, निर्वासितांच्या जुन्या वस्तीतल्या एका चाळीत राहायची. उंच, सावळी, कमी बोलणारी. मी सतत काहीतरी बडबडायची आणि ती मान हलवत ऐकायची. त्या वर्षी तिला दिवस गेले होते. पाचवा महिना संपत आला होता.

अंबरनाथच्या देवळाची शिवरात्रीची जत्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना गर्दी सांगायला नको. कर्जतपासून कल्याणपर्यंतची माणसं येतात. पहाटेपासून रांग लागते. काळ्या दगडाच्या देवळाखालून वालधुनी वाहते, तेव्हाही तिचं पाणी दर दिवशी वेगळ्या रंगाचं असायचं. रेवड्या, बांगड्या, पाळणे, उसाच्या रसाची गुऱ्हाळं. उल्हासनगरची सिंधी कुटुंबं थंडाईचे हंडे घेऊन यायची आणि येईल त्याला पेला भरून द्यायची. त्या बंदोबस्ताला सगळीकडून पोलीस मागवायचे, तशी आमचीही नेमणूक झाली. बायकांच्या रांगेवर लीला आणि मी, ती नदीच्या अंगाला, मी पायऱ्यांशी.

सकाळी हजेरीच्या वेळी लीला आमच्या वरिष्ठ साहेबांपुढं गेली. तिला भिंतीजवळची जागा हवी होती, टेकायला तरी मिळेल म्हणून, आणि मध्ये एकदा बाजूला जायची परवानगी. साहेब नकाशा बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. शेजारी शिर्के हवालदार उभे होते. ठाण्यातले सगळ्यात जुने, मिशा पांढऱ्या झालेले. त्यांनी तिला खुणेनंच सांगितलं, आता आपल्या जागेवर जा.

त्या जत्रेत पोलीस बायकांसाठी कसलीही सोय नव्हती. पुरुष नदीकाठानं झुडपांआड जायचे. आम्ही आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं बंद करायचो. ही युक्ती आम्हाला कुणी शिकवली नव्हती, सगळ्याच जणी आपापली शिकत होत्या. पण पाचव्या महिन्यातल्या बाईला ती कशी चालणार? ऊन चढल्यावर लीलाला राहवेना. तिनं शेजारच्या होमगार्डला रांगेकडं बघायला सांगितलं आणि ती मागच्या गल्लीत शिरली. पहिलं दार दिसलं ते वाजवलं. आतून एक म्हातारी बाई आली. खाकी साडी बघून ती आधी घाबरली, मग लीलाच्या पोटाकडं बघून तिनं काही न विचारता मोरीचं दार दाखवलं. निघताना पाणी दिलं, घडीभर बस म्हणाली. लीला बसली नाही. पण यात्रेच्या गर्दीतून परत जागेवर पोचायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागलाच. तेवढ्यात साहेबांची फेरी येऊन गेली होती. जागा रिकामी दिसली आणि नोंद झाली, कर्तव्यावर गैरहजर.

चार-पाच दिवसांनी तिला कारणे दाखवा नोटीस आली. वार्षिक वेतनवाढ का रोखू नये, याचा खुलासा करा. होळीसाठी पोरं लाकडं गोळा करत होती, ठाण्याच्या आवारातली मोडकी बाकंही त्यांनी पळवली होती, आणि आम्ही दोघी मागच्या खोलीत तो कागद घेऊन बसलो होतो. लीलानं खुलासा घरूनच लिहून आणला होता. मी वाचला. चहा पिण्यासाठी गेले होते, चूक झाली, माफी असावी, असं होतं.

मी म्हटलं, "अगं, चहा कुठं प्यायलीस तू?"

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "चहाला गेले म्हटलं तर कामचुकार म्हणतील. खरं लिहिलं तर हसतील. कामचुकार परवडलं मला."

मी तिला काय समजावलं ते आता शब्दाशब्दानं आठवत नाही. पुष्कळ बोलले असणार. एवढं आठवतं की ती उठून जाऊन पाणी पिऊन आली आणि म्हणाली, मग लिहायचं तरी काय? तोवर मला वाटलं होतं, खरं बोलायला फक्त धीर लागतो. त्या दुपारी कळलं की त्याला शब्दही लागतात, आणि आम्हाला आमच्या रोजच्या, साध्या गरजेसाठी सरकारी कागदावर चालेल असा शब्द सापडत नव्हता. मी सुचवलं, नैसर्गिक विधी. लीला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. विधी म्हटलं की भटजी आठवतो म्हणाली. मग तिनं स्वतःच लिहिलं, लघवीस गेले होते. मी गरोदर आहे. सकाळी परवानगी मागितली होती. बंदोबस्ताच्या जागी महिलांसाठी सोय नव्हती आणि ती असायला हवी. एकाखाली एक वाक्यं, कुठंही विनंती नाही. कारकुनानं तो एक शब्द बदलायला सांगितला. तिनं बदलला नाही.

तिचं लिहून झाल्यावर माझाही हात शिवशिवला. आम्हाला ठाणे अंमलदाराचं काम का देत नाहीत, असा अर्ज करायचा माझ्या मनात कितीतरी दिवस होता. एकाच अर्जावर दोघींच्या सह्या कराव्यात असं मी म्हणत होते. शिर्के हवालदारांनी ते ऐकलं आणि दार लोटून घेऊन समजावलं. दोघींनी मिळून सही केली की त्याला खात्यात तक्रार म्हणत नाहीत, गट केला म्हणतात, शिस्तभंग म्हणतात. वेगवेगळे लिहा, शब्दही सारखे येऊ देऊ नका, आणि योग्य मार्गानंच पाठवा. योग्य मार्ग म्हणजे ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याच हातून वर. बाबांना मी सांगितलं. जमिनीच्या वेळी त्यांनी कचेऱ्यांचे खूप उंबरे झिजवले होते. ते एवढंच म्हणाले, "पोच घे. पोच नाय घेतली तं तुजा अर्ज आलाच नाय म्हनतील."

मी पोच घेतली.

साहेबांनी मला बोलावलं. खरं तर ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, वाकड्या नजरेनं कधी पाहिलं नाही. मला बसायला सांगितलं, आणि शिपायाला साहेबांनी बसायला सांगणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. ते म्हणाले, "म्हात्रेबाई, माझी मुलगी तुमच्याच वयाची आहे. त्या टेबलापुढं दारुडे येतात, गुंड येतात, नको नको त्या शिव्या देतात. तुम्हाला तिथं न बसवणं हे तुमच्या भल्यासाठीच आहे."

मी म्हटलं, "साहेब, शिव्या मागच्या खोलीतही ऐकू येतात. फक्त लिहायला मिळत नाहीत."

ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. अर्ज पुढं पाठवला. मला अजूनही वाटतं, त्यांना खरोखरच समजत नव्हतं. भेदभाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं कुणीतरी दुष्ट माणूस येतो. मला आयुष्यात बहुतेक वेळा तो काळजीच्या आवाजात भेटला. दुष्टाशी भांडता येतं. काळजी करणाऱ्याशी भांडायला गेलं की आपणच कृतघ्न ठरतो.

त्यानंतरचा चैत्र लांब वाटला. पळस फुलून गेले. उल्हासनगरच्या गच्च्यांवर सिंधी बायकांचे पापड वाळायला लागले, गल्लीतून जाताना मिऱ्याच्या वासानं शिंक यायची. ठाण्यात आमच्याशी कुणी भांडलं नाही. फक्त चहा आला की दोन पेले कमी असायचे. आम्ही खोलीत शिरलो की बोलणं थांबायचं आणि बाहेर पडलो की हसणं सुरू व्हायचं. लीलाचा खुलासा कारकुनाच्या टेबलावरून कसा कोण जाणे, पण सगळ्या कॅम्पात पोचला होता. कोर्टाबाहेर दुसऱ्या ठाण्याचा एक शिपाई तिला म्हणाला, बाई, परवानगी घेतली ना आज? तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.  मयत बायकांच्या पंचनाम्यांना आता आम्हा दोघींनाच पाठवत. उन्हाळ्यात ते काम कसं असतं हे लिहायला नको. तिची अवस्था बघून मी एकटीनं जायला लागले.

आंबे बाजारात आले तेव्हा उपायुक्तांच्या कार्यालयात चौकशी झाली. लीलाला सातवा लागला होता. माझ्या अर्जामुळं मलाही बोलावलं होतं. लांबट खोली, वर पंखा, एका बाजूला साहेब, एका बाजूला शिर्के हवालदार, आणि जबाब टिपून घेणारा लेखनिक. उपायुक्तांनी प्रश्न विचारले, लीलानं उत्तरं दिली. आवाज बारीक होता पण अडखळली नाही. मग शिर्क्यांना विचारलं, बाईंनी सकाळी परवानगी मागितली होती का?

तिचं सगळं त्या उत्तरावर होतं. नाही म्हणाले असते तर ती खोटारडी ठरली असती. हो म्हणाले तर साहेब. शिर्के टोपी बगलेत धरून उभे होते. घसा साफ करून म्हणाले, "मागितली होती. मी तिथंच होतो. साहेब नकाशात होते, त्यांना ऐकू गेलं नसेल."

खरं बोलून त्यांनी दोघांनाही वाचवलं. मला त्या शेवटच्या वाक्याचा फार राग आला. साहेबांना चांगलं ऐकू गेलं होतं. पुढं मीही हवालदार झाले, माणसं कशी सांभाळावी लागतात ते कळलं, तरी तो राग पुरता गेलेला नाही. पण हेही खरं की त्या खोलीत लीलाच्या बाजूनं बोललेला तो एकटाच पुरुष होता, आणि निवृत्तीला टेकलेला होता.

शेवटी लेखनिकानं जबाब सहीसाठी पुढं केला. लीलानं तो वाचला. मग पेन खाली ठेवलं. उपायुक्तांनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "साहेब, यात लिहिलंय की मी प्रकृती बिघडल्यामुळं जागा सोडली. माझी प्रकृती चांगली होती. सोय नव्हती म्हणून मी गेले. तसं लिहा, मग सही करते."

  प्रकृती बिघडली म्हटलं की सगळं मिटत होतं. दया दाखवता आली असती, कुणाची चूक राहत नव्हती. उपायुक्तांनी तिच्याकडं बघितलं, मग लेखनिकाला कागद बदलायला सांगितला. तो बदलेपर्यंत ती उभी होती. मग त्यांच्या लक्षात आलं आणि खुर्ची मागवली.

पावसाच्या तोंडावर हुकूम आले. लीलाची नोंद रद्द झाली, पण पुढच्या वेळी पूर्वपरवानगी घेऊनच जागा सोडावी अशी समजही देण्यात आली. म्हणजे आता रांगेत उभं राहून अर्ज करायचा, लीला म्हणाली. पुढच्या शिवरात्रीला देवळाजवळच्या एका शाळेतली खोली महिला पोलिसांसाठी मिळाली. मी गेले तेव्हा तिथं अर्ध्या खोलीत दोरखंड आणि बांबू भरून ठेवले होते, पण मागं संडास होता आणि दाराला कडी होती. ठाणे शहरातून आलेल्या दोन नव्या मुली तिथं बसून केस विंचरत होत्या. खोली नेहमीचीच आहे असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना काही सांगितलं नाही. लीला त्या वर्षी रजेवर होती, तिची मुलगी तेव्हा रांगायला लागली होती.

त्या मुलीच्या लग्नात, खूप वर्षांनी, जेवणं झाल्यावर आम्ही दोघी मांडवात बसलो होतो. मी हौसेनं तो विषय काढला. चौकशीची खोली, खाली ठेवलेलं पेन, सगळं मला जसंच्या तसं आठवत होतं. लीला पदराशी चाळा करत होती. म्हणाली, "तुला ते आठवलं की बरं वाटतं, सुमन. मला नाही वाटत. ती माझी खासगी गोष्ट होती गं, आणि सगळ्यांनी वाचली."

तिला पश्चात्ताप होता का? मी विचारलं. ती म्हणाली, नाही, परत लिहीन. पण आठवणार नाही.

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपण न्याय मिळाला म्हणतो तेव्हा तो मिळवणाऱ्यानं काय दिलं हे विसरतो. माझा अर्ज कामाबद्दल होता, हुद्द्याबद्दल होता. तो कुणीही वाचावा. तिला मात्र आपलं शरीर कागदावर मांडावं लागलं, तेव्हा कुठं एक कडी लावलेलं दार मिळालं. दोघींचे अर्ज एकाच दिवशी गेले, एकाच आठवड्यात निकाल लागले, पण दोघींनी मोजलेली किंमत सारखी नव्हती. म्हणून हल्ली मी तो विषय तिच्यापुढं काढत नाही. इथं लिहिते आहे तेही नाव बदलून.

माझ्या अर्जाचं सांगायचं राहिलं. महिला कर्मचाऱ्यांनाही आळीपाळीनं ठाणे अंमलदाराचं काम द्यावं, असा हुकूम होता. साहेबांनी तो फळ्याला लावला आणि कामाची वाटणी पहिल्यासारखीच ठेवली. मग एका दुपारी कल्याणला कुणी मोठे पुढारी आले, सगळी माणसं तिकडं गेली आणि हजेरी घेणारा जाता जाता मला म्हणाला, आज टेबल तुमच्याकडं. हुकमामुळं दिलं की माणूस नव्हता म्हणून, मी विचारलं नाही.

लाईट गेली होती. आभाळ भरून आलं होतं पण पडत नव्हतं. मी त्या खुर्चीत बसले. ती माझ्या मापाला उंच होती, पाय नीट टेकत नव्हते. डायरी उघडली, तारीख घातली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग दारात एक सिंधी बाई उभी राहिली, चाळिशीची, डोक्यावरून ओढणी, कपाळावर सुकलेलं रक्त. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्यामागच्या खोलीकडं पाहिलं.

"साहब नहीं है क्या?"

"मैं ही हूँ," मी म्हटलं. "बैठिए."

ती बसली, पण खुर्चीच्या कडेवर, उठायच्या तयारीत. मी नाव विचारलं, पत्ता विचारला. तिनं सांगितला. मारलं कुणी म्हटल्यावर ती दाराकडं बघायला लागली. मी पेन धरून थांबले. घाई करायची नाही, एवढं मला मागच्या खोलीत राहून कळलं होतं. बाहेर टांगेवाल्याचा घोडा फुरफुरला, कुणीतरी सायकल लावली, पुढं गेलं. मग त्या बाईनं दोन्ही हातांनी खुर्ची उचलली, टेबलाला भिडवून ठेवली, आणि माझ्याकडं वाकून हळू आवाजात पहिल्यापासून सांगायला लागली.